डब्याच्या आतले काम



कारखान्यातल्या माणसांना व्यासपीठावर बोलावण्याचा फारसा प्रघात नाही. आपण बोलावलेत, तेव्हा आमच्या कामाविषयीच चार शब्द सांगतो.

आम्ही आगगाडीचे डबे आतून दुरुस्त करणारे कारागीर. या कामाचे मुंबईतले दोन कारखाने जुने आहेत. लोअर परळचा १८७१ चा आणि माटुंग्याचा १९१५ चा. जुन्या बांधणीचा मेल-एक्स्प्रेसचा डबा साधारणपणे दीड वर्षाने कारखान्यात येतो. तो चाकांवरून उचलला जातो आणि मग सुतार, फिटर, वायरमन, गादीवाले, रंगारी असे सगळे त्याला हात लावतात.

आमचे काम म्हणजे रंगरंगोटी, असा पुष्कळांचा समज आहे. पण डब्याचा खरा वैरी पाणी. शौचालयाजवळचे पाणी फटींतून झिरपते, तळाच्या फळ्यांखाली लोखंडी पत्र्यावर साचते आणि पत्रा खाऊन टाकते. त्यावर नवे आच्छादन घातले तर डबा आज देखणा दिसेल. गंज मात्र आत वाढतच राहील. म्हणून आधी फळ्या उचलायच्या, गंज खरवडायचा, सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा आणि मगच वरचा साज चढवायचा. यातले काहीही प्रवाशाला दिसत नाही. मधल्या बर्थच्या साखळीचे कडे तरी कोण पाहतो? पण त्या कड्यावर एकाचा भार असतो आणि त्याच्या खाली दुसरा कोणी निर्धास्त झोपलेला असतो. तो निर्धास्त झोपला, हीच आमच्या कामाची पावती.

१९७४ साली रेल्वेतला तिसरा वर्ग गेला. लाकडी फळी मात्र राहिली. मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंचांचा फोम आला. दोन इंच म्हणजे काही फार नव्हे. पण गरिबाच्याही पाठीला हाडे असतात, हे त्या दोन इंचांनी मान्य केले. निर्णय मंत्र्यांचा, पण फोम कापून त्यावर रेक्झिन ताणणारे हात कारागिरांचेच.

जुन्या बांधणीचे डबे तयार करणे २०१८ मध्ये थांबले. नव्या डब्यांना स्टेनलेस स्टीलमुळे गंजाचा जाच कमी. पण बाक, नळ, तारा यांची झीज चुकलेली नाही. झीज आम्ही समजू शकतो. पातीने चिरलेले रेक्झिन किंवा उपटून नेलेला नळ समोर आला, की मात्र मन खट्टू होते. मेहनत पुन्हा करता येते हो. पण त्या नळावाचून पुढचा शेकडो मैलांचा प्रवास कोणी तरी केलेला असतो, आणि तो तुमच्या-आमच्यातलाच असतो.

आमची विनंती एवढीच. डबा कारखान्यात असेतो त्याची काळजी आमची. एकदा गाडी सुटली, की आमचा हात तिथे पोचत नाही, तुमचा पोचतो.