नागद्वारला निघण्याआधी

आम्ही सदरच्या बचत गटातल्या बाया. नागपंचमी जवळ आली की विदर्भातली कितीतरी मंडळी सावनेर, सौंसर, छिंदवाडा करत पचमढीला पोचतात. नागद्वारची खरी वाट त्यानंतरची. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल असल्यामुळे ती नागपंचमीच्या सुमारास थोडेच दिवस उघडते, तेही ऐन पावसात. शेवाळलेले दगड, दिवसभराची चढउतार, काही ठिकाणी लोखंडी शिड्या.

यंदा आम्ही अकरा जणी जातोय. महिनाभर रोज सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ चालतोय, आता पाठीवर पिशवी घेऊन. बूटही तेच. नवे बूट त्या दिवशी घातले की टाचा सोलल्याच समजा.

बैठकीत सगळ्यात जास्त बोलणं झालं ते पाण्यावर. वाटेत आडोसा नाही म्हणून आपण बाया पाणीच पीत नाही. मग चक्कर येते, पायात गोळे येतात, लघवीची जळजळ घरी आल्यावरही छळते. म्हणून एक जुनी साडी सोबत घेतोय. दोघींनी धरली की झाला आडोसा. पाळीचं सामान आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत. उपवास असला तरी राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे-गूळ खायचा. बीपीची गोळी चुकवायची नाही.

एका मावशींचे गुडघे दुखतात, पण यायची फार इच्छा. आम्ही नाही म्हटलं नाही. आधी डॉक्टरांना दाखवा आणि टेकडी दोनदा उतरून पाहा, एवढंच सांगितलं. चढण्यापेक्षा उतरतानाच गुडघ्यावर भार येतो ना! दोनदा उतरल्यावर त्याच म्हणाल्या, "मी खालीच बडा महादेवाचं दर्शन घेते." त्यांच्यासोबत एक जण थांबणार आहे.

चालताना सगळ्यात हळू चालणारी पुढे, बाकीच्या तिच्या मागे. दुपारी एकला जिथे असू तिथून परत, देव जवळ आला असला तरी. यावर थोडं भांडणही झालं, पण अंधारात ओली शिडी उतरायला कोणीच तयार नव्हती. नाल्याला पाणी चढलं तर ओसरेपर्यंत थांबायचं. वीज कडाडली तर शिडीपासून आणि एकट्या झाडापासून दूर. मोबाइलच्या भरवशावर राहायचं नाही. नाव, घरचा नंबर, औषधं लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकीच्या पिशवीत.

शेवटचा सराव शनिवारी सकाळी सहाला, पाऊस असला तरी. छत्री नको, रेनकोट आणा. शिडीसाठी दोन्ही हात मोकळे लागतात.