कडक गादी, आईचा खांदा आणि दोन इंचांचा टॉपर

आजचा विषय ऐकून काही जण लगेच भाग बदलणार, माहितीये मला. गादी. फोन घेताना आपण पंधरा रिव्ह्यू बघतो, पण ज्या गोष्टीवर रोज सात-आठ तास काढतो ती घरात कुणीतरी लग्नाच्या वर्षी घेतलेली असते आणि तीच चालू असते. त्यात बहुतेक घरांत ती काथ्याची असते, नाहीतर रिबॉन्डेड फोमची. दोन्ही कडक. पूर्ण बदलायची तर खर्च मोठा, आणि जुनी टाकायची कुठे हा वेगळा प्रश्न. मग माणूस टॉपरकडे वळतो. टॉपर म्हणजे गादीवर अंथरायचा दोन-तीन इंचांचा मऊ थर.

मी यात पडलो आईमुळे. साताऱ्याच्या घरी सहा बाय सहाचा बेड, त्यावर अकरा वर्षांची काथ्याची गादी. आई कुशीवर झोपते. गेले काही महिने ती पहाटे तीनला उठून हॉलमध्ये वाकळ अंथरून झोपायची. खांदा आणि कंबरेचं हाड ठणकतं म्हणायची. आणि बाबांचं एकच पालुपद, "कडक गादी पाठीला चांगली असते. डॉक्टर सांगतात."

आता हे "डॉक्टर सांगतात" प्रकरण. 2003 मध्ये लॅन्सेटमध्ये स्पेनमधला एक अभ्यास छापून आला होता. जुनाट कंबरदुखीचे 313 लोक, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. 90 दिवसांनी मध्यमवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला होता. म्हणजे लोण्यासारखी मऊ गादीही नको, आणि फळीही नको. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "स्पेनमधल्या लोकांचं आपल्याला काय?" असो.

कारण साधं आहे, बारावीचं फिजिक्स. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. उताणं झोपलं की वजन बऱ्यापैकी पसरतं. कुशीवर झोपलं की ते मुख्यतः खांदा आणि कंबरेच्या हाडावर येतं, आणि कडक गादी तिथे जागाच देत नाही. मऊ थर दिला की खांदा थोडा आत जातो, बरगड्यांनाही टेकायला जागा मिळते. एवढंच काम असतं टॉपरचं.

पण एक गोष्ट टॉपर करू शकत नाही. गादी मध्ये बसली असेल, खड्डा पडला असेल, तर टॉपरही त्याच खड्ड्यात बसतो. पैसे घालवण्याआधी चादर काढा आणि गादीवर आडवी एक सरळ काठी ठेवा, झाडूचा दांडाही चालेल. मध्ये बोटं सहज आत जात असतील तर ही गादी टॉपरच्या पलीकडे गेली. आमची सपाट होती. काथ्याच्या गादीचं बऱ्याचदा असं होतं की ती दबून दबून आणखी घट्ट होते. ही केस टॉपरसाठी एकदम योग्य.

दुसरी चाचणी फुकटातली. घरातल्या दोन जाड गोधड्या किंवा रजया गादीवर अंथरा आणि चार रात्री झोपून बघा. फरक पडला तर मऊपणाचीच गरज होती. काहीच फरक नाही पडला तर दुखणं कदाचित गादीचं नाहीच. आणि दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर पॉडकास्ट बंद करा आणि डॉक्टरकडे जा. मी बीटेक आहे, हाडांचा डॉक्टर नाही. आईला दुसऱ्याच दिवशी फरक वाटला, म्हणून पुढे गेलो.

मग साहित्य कुठलं? दुकानात आधी मेमरी फोम पुढे करतात. 1966 मध्ये नासाच्या एका प्रकल्पात तयार झालेलं हे मटेरियल. अंगाच्या उबेने मऊ होतं, शरीराचा आकार घेतं, आणि सावकाश परत येतं. दाब पसरवायला उत्तम. पण दोन अडचणी. एक म्हणजे ते उष्णता धरून ठेवतं, एप्रिल-मे मध्ये पंख्याखाली झोपणाऱ्याला ते जाणवतं. दुसरी अडचण वयस्कर माणसांसाठी महत्त्वाची: आत रुतल्यासारखं होतं, कूस बदलायला जोर लावावा लागतो. आई रात्रीत दहा वेळा कूस बदलते. म्हणून आम्ही लेटेक्स घेतलं. रबराच्या चिकाचा फोम. दबतो पण लगेच उसळी मारतो, हवाही बरी खेळते. महाग आहे, जड आहे, आणि रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी विचारूनच घ्यावा. मायक्रोफायबर भरलेले पातळ, रजईसारखे स्वस्त टॉपर मिळतात, ते काथ्यावर फार काळ टिकाव धरत नाहीत असं माझं मत. काही महिन्यांत गोळे होतात.

जाडी? काथ्यावर एक इंच म्हणजे नावाला. दोन इंच बहुतेकांना पुरतात. अंगाने भारी माणूस कुशीवर झोपत असेल तर तीन. बेडची उंची वाढते हेही बघा, कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

आता माझा आवडता भाग. फोमच्या जाहिरातीत "50 डेन्सिटी" लिहितात, म्हणजे एका घनमीटरला 50 किलो. हे घरी तपासता येतं! 72 बाय 36 इंचाचा, दोन इंच जाड टॉपर म्हणजे साधारण 0.085 घनमीटर. गुणिले 50, म्हणजे सव्वाचार किलो. खोळ काढून वजनकाट्यावर ठेवा. अडीच किलो भरला तर तो 30 डेन्सिटीचा आहे आणि लवकर बसणार. आधी काटा, मग रिव्ह्यू. आणि "ट्रायल" लिहिलेलं असेल तर ते फक्त गादीला आहे की टॉपरलाही, हे पैसे भरायच्या आधी वाचा.

राहिले बाबा. त्यांना कडकच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना काही दुखत नव्हतं. सहा फुटांच्या बेडचे सरळ दोन भाग होतात, 36-36 इंचांचे. आईच्या बाजूला दोन इंचांचा लेटेक्स. पण मग मध्ये दोन इंचांची पायरी! फोमवाल्या दुकानदाराने बाबांच्या बाजूसाठी त्याच मापाची रिबॉन्डेडची कडक शीट कापून दिली. दोन्हींवर एकच मोठी चादर, जरा जास्त खोलीची, कारण नेहमीची इलॅस्टिकवाली आता कोपऱ्यांतून निसटते. पहिले दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या, नव्या फोमला वास येतो. पंधरा दिवसांनी आई फोनवर म्हणाली, "अरे, काल सहापर्यंत झोपले मी." खांदा अजून थोडा धरतो, त्यासाठी फिजिओ चालू आहे.

आणि हो, एक राहिलं. आपल्याकडे गादीला ऊन दाखवायची सवय असते. कापसाच्या गादीला ते चांगलंच. पण लेटेक्स उन्हात ठेवू नका, कडक उन्हाने रबर खराब होतं, त्याचा चुरा पडायला लागतो. सावलीत, वाऱ्याला उभा करा. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आईने तो परवा गच्चीवर न्यायला काढलाच होता, बाबांनी जिन्यात अडवलं.