छायाचित्र कुणाचे?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी एका चुकीविषयी बोलणार आहे. चूक माझीच आहे, तेव्हा कुणी मनाला लावून घेऊ नये.

गेल्या वर्षी स्मारिकेचे काम माझ्याकडे होते. मुखपृष्ठासाठी मी वर्तमानपत्रातले एक छायाचित्र उचलले. त्यात आपल्या भिवंडीच्याच एका यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरणारी बाई होती. खाली वर्तमानपत्राचे नाव छापले आणि कर्तव्य झाले असे मानले. पंधरवड्याने ती बाई माझ्या दारी आली. आपली स्मारिका कुणीतरी तिच्या गावी नेली होती. ती म्हणाली, "बाई, गावाकडं मी शिवणकाम करते असंच सांगितलं होतं. आता सासरची माणसं जाब विचारतात." मी काय उत्तर देणार?

मग मी एका वकीलबाईंकडून कायदा समजून घेतला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्रावर पहिला हक्क सामान्यतः ते काढणाऱ्याचा. आपण पैसे देऊन काढवून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर तो आपला. त्याच कायद्याचे ५२ वे कलम विनापरवानगी रास्त वापराला मुभा देते: स्वतःच्या अभ्यासासाठी, टीका-परीक्षणासाठी, चालू घडामोडींच्या वृत्तासाठी. मुखपृष्ठाची शोभा त्यात बसत नाही. आणि खाली नाव छापले म्हणजे परवानगी मिळाली, असेही होत नाही.

पण भगिनींनो, ही झाली छायाचित्र काढणाऱ्याची बाजू. छायाचित्रात जी जिवंत बाई आहे, तिचे काय? काढणाऱ्याने होकार दिला म्हणून तिचा होकार मिळत नाही. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने सांगितले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका भगिनीचे गाऱ्हाणे आले. एका छायाचित्रकाराने तिचा फोटो काढून फोटो विकणाऱ्या परदेशी संकेतस्थळावर ठेवला आणि तो तिला न विचारता सरकारी जाहिरातींत झळकला, अशी तिची तक्रार होती. हा प्रथमदर्शनी व्यापारी गैरफायदा दिसतो, असे न्यायालयाने म्हटले आणि संबंधितांकडून उत्तर मागविले.

म्हणून यंदा आपण दोन प्रश्न विचारायचे ठरविले. काढणाऱ्याला विचारायचे, "छापू का?" आणि जिचे चित्र तिलाही विचारायचे, "चालेल का?" उत्तर लेखी घ्यायचे, आणि 'नाही' आले, तर रुसायचे नाही.

पहिला प्रश्न मी त्याच बाईला विचारला. ती "नको" म्हणाली. म्हणून यंदाच्या मुखपृष्ठावर नुसती कांडी आणि सूत आहे. चेहरा नाही. मला ते मुखपृष्ठ फार आवडते.