एक कामगार, अनेक मालक
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी बजावलं होतं, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं." मी सॉफ्टवेअर लिहिते. कोणतं पार्सल कोणी, कुठल्या क्रमाने पोचवायचं हे ठरवणाऱ्या प्रणालीवर माझं काम चालतं. त्या पार्सलवाल्या मुलाबद्दल आज बोलणार आहे. पण सुरुवात आपल्या सातारा जिल्ह्यापासूनच करायला हवी.

आपल्या वर्गात ज्यांचे वडील, काका मुंबईत माथाडी होते, त्यांनी जरा हात वर करा. बघा किती जण आहेत!

माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. मजुरी टोळीच्या मुकादमामार्फत. पाठीत उसण भरली, पाय मोडला, तर 'हा माझा नोकर' असं म्हणायला एकही व्यापारी पुढे येत नसे. कामगार कायद्यांना एक ठरलेला मालक लागायचा. इथे मालक दहा, म्हणून जबाबदार कोणीच नाही. फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही.

पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना संघटित केलं. त्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. अनेक मालक आणि अनेक कामगार यांच्यामध्ये एक मंडळ बसवलं. दोघांची नोंद मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, शिवाय मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही. मंडळ कामगाराला पगार देतं आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा यांची सोय करतं. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. संगणक नसताना, खतावण्यांवर हा हिशेब चालला!

आता आजचा मुलगा घ्या. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे सुमारे ७७ लाख गिग कामगार होते. त्याच्या मोबाइलमध्ये दोन-तीन अ‍ॅप. प्रत्येक कंपनी त्याला 'भागीदार' म्हणते. तो पडला तर कुणाचाच नसतो. मुकादमाशी निदान भांडता यायचं. अ‍ॅपशी कसं भांडणार?

'यांचा हिशेब ठेवणार कसा?' असं लोक विचारतात. हा प्रश्न मला पटत नाही. प्रत्येक फेरी, प्रत्येक रुपया, प्रत्येक मिनिट आमच्याकडे नोंदलेलं असतंच. राजस्थानने २०२३ मध्ये कायदा केला, त्यातही कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क हीच कल्पना आहे. वाट आपल्याकडच्या हमालांनी दाखवलेली आहे.

माथाडी कायद्यात सगळं गोड आहे असं नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारे बोगस लोक निघाले, व्यापाऱ्यांच्या तक्रारी झाल्या. तरी आपल्यातल्या कितीतरी जणांची फी त्या पगारातून भरली गेली, हे विसरता येत नाही.

आमच्या बैठकीत एकदा विषय निघाला: ऑर्डर नाकारणाऱ्याचं रेटिंग आपोआप कमी करायचं का? मी म्हटलं, आधी कारण विचारणारा रकाना ठेवू. पाऊस असेल, गाडी पंक्चर असेल, घरी कुणी आजारी असेल. बरीच वादावादी झाली. रकाना आला; पण त्यातलं कारण वाचून निर्णय कोणी घ्यायचा, हे अजून ठरलेलं नाही. त्यासाठी भांडणं चालू आहे. एका इंजिनिअरच्या भल्या मनावर हे सोडता कामा नये. त्याला कायदाच हवा.

म्हणून एक विनंती. आपल्यात वकील आहेत, पत्रकार आहेत, पंचायत समितीत निवडून आलेले आहेत. पुण्या-मुंबईत गाडीवर फिरणारी आपल्या गावची पोरंही तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्यासाठी असं मंडळ आपल्या राज्यात व्हावं, हे जिथे बोलता येईल तिथे बोला. आणि सर, बाई, नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना माथाडी कायदा जरूर सांगा. तो त्यांच्या आजोबांनी मिळवलेला आहे.