मीटरवरचा आकडा आणि मीटरची छाती

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



कापसाच्या भावावर आणि वीजबिलावर बोलणारे या मांडवात पुष्कळ आहेत. आम्ही आज एका लहानशा वस्तूवर बोलणार आहोत. हाताच्या पंजात मावणारी, तालुक्याच्या बाजारात दोन-अडीचशे रुपयांत मिळणारी, आणि आता जवळजवळ प्रत्येक गावात चार-दोन घरी सापडणारी ही वस्तू म्हणजे मल्टिमीटर. पिवळ्या नाहीतर काळ्या प्लॅस्टिकचे, मधोमध गोल खटका असलेले, एक लाल आणि एक काळी वायर लटकणारे ते मीटर.

कोणी म्हणेल, कोरडवाहू शेतकऱ्याला या मीटरशी काय करायचे आहे? मंडळी, कोरडवाहूवाल्यालाच जास्त करायचे आहे. बागायतवाल्याच्या दहा पाळ्या असतात, एक हुकली तर नऊ उरतात. आपल्याकडे विहिरीत किंवा शेततळ्यात पाणी असते एका पाळीपुरते, फार तर दोन. पराटीला बोंडे धरताना पावसाने ताण दिला, किंवा रब्बी ज्वारी पोटऱ्यात आली आणि जमीन भेगाळली, की त्या एका पाळीवर वर्षाचा हिशेब ठरतो. नेमकी तेव्हाच मोटार जळाली तर वाइंडिंगचे हजारो रुपये जातात आणि वरून पाळीही जाते.

मोटार जळण्याचे कारण पुष्कळदा कमी दाब असते. हिशेब साधा आहे. तीन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असायला हवेत. ते ३४० वर आले तरी पंपाला पाणी तेवढेच चढवायचे असते, म्हणून मोटार जास्त प्रवाह ओढते. जिथे १० अँपिअर लागत होते तिथे १२ च्या पुढे जातात. प्रवाह सव्वापट झाला की तारांमधली उष्णता सव्वापट होत नाही, साधारण दीडपट होते. वाइंडिंग त्याच उष्णतेने जळते. म्हणून मोटार सुरू करण्याआधी तिन्ही फेजांचा दाब पाहावा, असे आम्ही गावोगाव सांगतो. लोक ऐकतात, मीटर विकत आणतात. आणि इथेच दुसरा धोका सुरू होतो.

दाखवणे वेगळे, सोसणे वेगळे

या स्वस्त मीटरच्या खटक्याभोवती काय छापलेले असते ते पाहा. डीसीच्या बाजूला १०००, एसीच्या बाजूला ७५०. आपण म्हणतो, आपली लाइन ४१५ ची, मीटर ७५० चे, म्हणजे चिंता नाही. बैलगाडीत किती पोती रचता येतात हे पाहून बैल तेवढी ओढतील असे आपण धरतो का? ७५० हा आकडा मीटर किती दाखवू शकते ते सांगतो. किती सोसू शकते, किती दिवस सोसेल, ते तो सांगत नाही.

आता आतले बघू. मोठा दाब आतल्या नाजूक चिपपर्यंत पोचू नये म्हणून वाटेत रोध बसवलेले असतात. स्वस्त मीटरमध्ये डीसीच्या बाजूला हा रोध सगळा मिळून बहुधा दहा लाख ओहमचा असतो. व्होल्टला व्होल्टने गुणा आणि ओहमने भागा, म्हणजे उष्णता किती ते कळते. १००० व्होल्टला ती भरते एक वॅट. आत बसवलेले रोध असतात ज्वारीच्या दाण्याएवढे, पाव पाव वॅटचे. दोन जोडले तरी सोय अर्ध्या वॅटचीच झाली. असे मीटर १००० व्होल्ट क्षणभर दाखवेल, पण लावून ठेवले तर रोध तापतील आणि त्यांची किंमत सरकेल. त्यानंतर मीटर बंद पडत नाही, चालूच राहते, पण खोटे बोलू लागते. मेलेल्या मीटरपेक्षा खोटे बोलणारे मीटर वाईट.

शिवाय ४१५ हा लाइनचा सरासरी धरलेला आकडा आहे. एसीचा दाब सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो आणि दर वेळी टोकाला सुमारे ५८७ व्होल्टला जाऊन येतो. त्यावर लांब कुठेतरी तारेवर वीज पडली, किंवा लाइट येताच एका डीपीवरच्या सगळ्या ऑटोस्विचांनी मोटारी एकदम ओढल्या आणि कुठलातरी फ्यूज उडाला, तर क्षणापुरता हजारो व्होल्टचा धक्का लाइनवर येतो. आपल्या हातातल्या मीटरची परीक्षा त्या क्षणी होते. आतल्या पट्टीवर तांब्याच्या रेघा एकमेकींना खेटून असतात. त्यात फवारणीच्या दिवसातली दमट हवा आणि गोठ्यातली धूळ शिरलेली असते. ठिणगी एका रेघेवरून दुसरीवर उडी मारते आणि मीटर हातात फुटते.

डीपी जवळ असेल तर धोका वाढतो. आपल्याकडे शेतीला ६३ केव्हीएची डीपी पुष्कळ ठिकाणी असते. तिचा भरभक्कम भार तिन्ही फेजांवर ८८ अँपिअरच्या आसपास. पण तिच्याजवळ दोन फेज एकमेकांना भिडले तर क्षणभर हजार-दोन हजार अँपिअर धावतात. घरातल्या बोर्डावर जी चूक फ्यूजवर निभावते, ती डीपीजवळ चेहरा आणि हात भाजून काढते.

खरेदी करताना काय पाहायचे

यासाठी जगभर एक नियम ठरलेला आहे. चांगल्या मीटरवर, वायरी खोचायच्या भोकांजवळ इंग्रजीत ‘कॅट’ असे छापून पुढे रोमन आकडा असतो. दोन उभ्या रेघा म्हणजे २, तीन रेघा म्हणजे ३, एक रेघ आणि पुढे व्ही म्हणजे ४. कॅट २ घरातल्या प्लगवर लागणाऱ्या वस्तूंसाठी. कॅट ३ पक्क्या बसवलेल्या पेटीसाठी, मोटारीसाठी. कॅट ४ बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी.

इथे एक गंमत आहे, नीट ऐका. एका मीटरवर लिहिले आहे कॅट २, १००० व्होल्ट. दुसऱ्यावर कॅट ३, ६०० व्होल्ट. आपण मोठा आकडा पाहून पहिले उचलू. पण तपासताना दोघांनाही धक्का देतात ६००० व्होल्टचाच. पहिल्याला तो १२ ओहमच्या वाटेने देतात, दुसऱ्याला २ ओहमच्या. म्हणजे पहिल्याच्या परीक्षेत मागून ५०० अँपिअर येऊ शकतात आणि दुसऱ्याच्या परीक्षेत ३०००. ६०० वाल्याने सहापट मोठा मार सोसलेला असतो. विहिरीवरच्या पेटीला निदान कॅट ३, ६०० व्होल्टचे मीटर पाहिजे.

छापलेले सगळे खरे असतेच असे नाही. म्हणून वायरी काढून मागचे झाकण उघडून बघा. आत काचेची पारदर्शक नळी आणि तिच्यात केसाएवढी तार दिसली, तर तो फ्यूज मोठ्या दाबापुढे टिकणार नाही. तार जळते, पण नळीत जाळ तसाच चालू राहतो. चांगल्या मीटरमध्ये पांढरी, जाड, वाळू भरलेली चिनी मातीची नळी असते. वाळू जाळ विझवते. मग १० अँपिअरचे भोक पाहा. स्वस्त मीटरवर पुष्कळदा त्याच्याजवळ ‘अनफ्यूज्ड’ असे छापलेले असते. म्हणजे त्या वाटेवर फ्यूजच नाही. लाल वायर त्या भोकात राहिली आणि टोके दोन फेजांना लावली, तर तुम्ही मीटर लावले नाही, दोन फेजांमध्ये तांब्याची पट्टी टाकली.

वायरीही पाहा. स्वस्त मीटरच्या वायरी पातळ, उन्हात कडक होणाऱ्या, मुठीपाशी तुटणाऱ्या. टोकाची उघडी सळई बोटभर लांब. पेटीत दोन फेजांचे स्क्रू जवळजवळ असतात, लांब सळई दोघांना एकदम लागते. सळईला टोकाजवळची थोडीच जागा सोडून चांगले प्लॅस्टिकचे आवरण चढवून घ्या.

शून्यावर विश्वास ठेवू नका

फुटणाऱ्या मीटरने माणूस सावध तरी होतो. शून्य दाखवणारे मीटर माणसाला गाफील करते. खटका डीसीवर राहिला आणि एसी लाइन मोजली, तर समोर जिवंत ४१५ असताना मीटर शून्य दाखवते. वायर आतून तुटली असेल तरी शून्य. फ्यूज नाही, दाब नाही, असे समजून माणूस हात घालतो. म्हणून तीन वेळा मोजायचे. आधी जिथे लाइन आहे हे नक्की माहीत आहे तिथे. मग जिथे पाहायचे तिथे. मग परत पहिल्या जागी. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी बरोबर आकडा आला तरच मधला आकडा खरा. मीटरच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली तरी आकडे चुकतात, ती पेरणीआधी बदलून टाका.

सौर पंप आणि झटका मशीन

पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली, आणि २०२४ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ सुरू झाली. आता वावरात पॅनेल उभे आहेत. पॅनेलचा दाब डीसी असतो. एका पॅनेलचे मोकळे ४५ व्होल्ट धरले, तर माळेत जोडलेल्या दहा पॅनेलांचे ४५० होतात, आणि थंडीच्या सकाळी त्याहून जास्त. एसीचा दाब सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून तिथला जाळ विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. एकदा जाळ धरला की ओढत राहतो. स्वस्त मीटरची काचेची नळी इथे अगदीच कुचकामी. पंप चालू असताना पॅनेलचे जोड उपसू नका, आणि पंप बंद केल्यावरही कंट्रोलरमध्ये काही मिनिटे दाब साठून असतो हे विसरू नका.

दुसरे झटका मशीन. रोही आणि रानडुकरांपायी ते धुऱ्याधुऱ्यावर आले आहे. त्याचा झटका हजारो व्होल्टचा, ८-१० हजारांपर्यंत जाणारा, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाही न टिकणारा. मल्टिमीटरला तो मोजता येत नाही, कारण आकडा तयार व्हायच्या आत झटका संपलेला असतो. आत मात्र त्याने चिप जाळलेली असते. कुंपणासाठी कुंपणाचाच टेस्टर वापरा. आणि झटका कमी वाटतो म्हणून कोणी तारेत थेट लाइन सोडत असेल, तर ते कुंपण नाही, फास आहे. त्यात माणसे मरतात आणि तो गुन्हा आहे.

मग करायचे काय?

स्वस्त मीटर फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, ट्रॅक्टरची बॅटरी, तुटलेली वायर शोधणे, या कामांना ते पुरते आणि वर्षानुवर्षे टिकते. त्याच्याकडून लाइनवरचे काम करून घेऊ नका, एवढेच.

विहिरीवरच्या पेटीत दाब पाहायला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पेटीवरच पक्का व्होल्टमीटर आणि तिन्ही फेजांचे दिवे बसवून घेणे. हात आत घालायलाच नको. तो नसेल, तर गटात वर्गणी काढून गावात एक कॅट ३ चे मीटर घ्या आणि ते जाणत्या वायरमनच्या हाती ठेवा. दहा घरांनी दहा स्वस्त मीटर घेण्याऐवजी दहा घरांत एक चांगले घेतले तर खर्च फार वेगळा होत नाही.

मोजण्याची रीत एकच ठेवा. आधी मेन स्विच बंद. लाल वायर व्होल्टच्या भोकात, खटका एसीच्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर. चिमटे लावा. हात काढा, मग मेन चालू करा, आकडा वाचा. मेन बंद करा, मग चिमटे काढा. चिमटे मेनच्या पुढच्या, मोटारीकडच्या बाजूलाच लावायचे. मागची, लाइनची बाजू मेन बंद असली तरी जिवंतच असते. लाइन चालू असताना खटका फिरवू नका. पाय ओले असताना, चप्पल नसताना पेटीला हात लावू नका. आणि डीपीची पेटी उघडू नका. तिच्यावर ११,००० व्होल्टची लाइन असते आणि तिथे आपले कोणतेच मीटर चालत नाही. ते काम लाइनमनचे.

दाब कमी मिळतो ही आपली तक्रार खरी आहे. ती मांडताना तारीख, वेळ आणि तिन्ही फेजांचे आकडे वहीत लिहून न्या. पण ज्या मीटरचा रोध तापून सरकला आहे, त्याचे आकडे समोरचा अधिकारी दोन मिनिटांत खोडून काढेल. चांगल्या मीटरचे आकडे खोडता येत नाहीत. मीटर चांगले घ्या म्हणतो ते जीव वाचावा म्हणून, आणि आपली बाजू खरी ठरावी म्हणूनही.

ज्यांनी आपापली मीटर आणली आहेत त्यांनी सभा संपल्यावर मांडवाच्या डाव्या बाजूला थांबावे. झाकण उघडून आत कोणता फ्यूज आहे ते आपण एकेक करून पाहू.