पर्जन्यवनांतील मुक्काम

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांत, वॉशिंग्टन राज्यांत, १९३८ सालीं स्थापन झालेलें ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांतील होह नदीच्या खोऱ्यांत समशीतोष्ण पर्जन्यवन पसरलें आहे. पॅसिफिक महासागरावरील बाष्पयुक्त वारे पर्वताला अडून वर चढतात, निवतात, आणि वर्षाकाठीं सुमारें १४० इंच पाऊस पडतो. आपल्याकडच्या उलट, तो मुख्यतः हिवाळ्यांत पडतो. म्हणून प्रवासी उन्हाळ्यांत येतात.

कोणी तंबू ठोकतो, कोणी चाकांवरचें घरच घेऊन येतो. तंबूवाल्यानें उंचवटा निवडावा. तंबूखालचें जाड कापड कडेबाहेर राहूं देऊं नये. नाहीं तर त्यावर सांचलेलें पाणी अंथरुणाखालीं शिरतें. गाडींतल्याला ओल आंतूनच गांठते. श्वासाची वाफ थंड कांचेवर पाणी होऊन ओघळते. यास्तव पावसांतही झरोका किंचित् उघडा हवा. अन्न उघड्यावर ठेवणें म्हणजे अस्वलाला आमंत्रणच!

दमट रात्रीं शेकोटीचा मोह होतो आणि दृष्टि पडलेल्या ओंडक्याकडे वळते. परंतु तो ओंडका म्हणजे या वनाचा पाळणा होय. जमिनीवरील दाट शेवाळ्यांत रोपांना थारा मिळणें कठीण. तीं ओंडक्याच्या कुजत्या पाठीवर रुजतात. पुढें ओंडका विरून जातो आणि सिट्का स्प्रूस व हेमलॉक यांचे वृक्ष एका ओळींत उभे दिसतात. एका रात्रीच्या उबेसाठीं असा ओंडका जाळणें म्हणजे वृक्षांची उद्यांची पिढीच जाळणें. जळण विकत आणावें. पाळण्याला हात लावूं नये.