वर्गातील वर्तन : मत आणि मोजमाप



प्रगतिपुस्तकात ‘चंचल’, ‘लक्ष नसते’, ‘खोडकर’ असा शेरा लिहिण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. मुलाला मात्र तो पुढच्या इयत्तेत, नव्या शिक्षकांसमोर आणि घरातही बाळगावा लागतो. असा शेरा हे मत असते, मोजमाप नव्हे.

महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि ‘दैनंदिन निरीक्षण’ हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन ठरले. साधन उत्तम आहे. परंतु भरलेल्या वर्गात शिकविता शिकविता निरीक्षण करावयाचे, तेव्हा नजरेत भरते तेच वहीत उतरते. दंगा नजरेत भरतो. मुकाट बसून काहीच न समजणारे मूल सहसा सुटते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२८ साली एक मार्ग मांडला : वर्तन नेमक्या शब्दांत ठरवावे आणि ठरावीक, छोट्या कालखंडांत त्याची पुनःपुन्हा नोंद घ्यावी. ‘चंचल’ मोजता येत नाही. ‘जागेवरून उठला’ हे मोजता येते.

तरीही पद्धत बदलली की आकडा बदलतो. समजा, एक मुलगा १५ मिनिटांत २० वेळा, दर वेळी २ सेकंद उठला. एकूण ४० सेकंद. म्हणजे वेळेच्या ५ टक्क्यांहूनही कमी. आता १५ सेकंदांचे ६० भाग पाडून ‘या भागात एकदा तरी उठला काय?’ असे नोंदविले, तर २० भागांत खूण पडू शकते. म्हणजे ३३ टक्के! ‘पूर्ण भाग उभा होता काय?’ असे विचारले, तर उत्तर शून्य. प्रत्येक भाग संपताना केवळ त्या क्षणी पाहिले, तर सरासरीने दोन-तीन खुणा पडतील आणि हाच आकडा सत्याच्या जवळचा. कापडाच्या पेढीवर हे सांगावे लागत नाही : तेच कापड ताणून मोजले तर एक माप, सैल सोडून मोजले तर दुसरे.

एकाच निरीक्षकावरही विसंबू नये. दोघांनी स्वतंत्रपणे नोंदी घ्याव्यात. ६० पैकी ५४ जुळल्या तर सहमती ९० टक्के. मात्र मूल क्वचितच उठत असेल, तर न पाहता ‘बसला’ लिहिणाऱ्या दोघांचेही पुष्कळ जुळेल! योगायोगाचा हा वाटा वजा करण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० साली ‘कॅपा’ हा गुणांक दिला. शिवाय पाहुणा मागच्या बाकावर बसला की वर्ग शहाण्यासारखा वागतो. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांच्या नोंदी बाजूस ठेवणे बरे.

शेरा वाचून मुलाला जाब विचारण्यापूर्वी पालकांनी शिक्षकांस आदराने विचारावे : त्याने नेमके काय केले, कोणत्या तासाला, किती वेळा, आणि तेवढ्याच वेळात त्याच्या शेजारच्या मुलाने किती वेळा?